पंचवीस मिनिटांचा थांबा

वाटाड्याच्या पडद्यावर आईचा उद्याचा दिवस मांडलेला होता. सकाळी सहाला नंदुरबारहून निघायचं. मोलगीच्या वरच्या पाड्यावर शिबिर. सव्वादोनला परत फिरायचं. इथवर सेजलला सगळं समजलं. पण घाट उतरल्यावर, पावणेचारला, एक विचित्र नोंद होती : ‘थांबा – पंचवीस मिनिटं. काम – काहीही नाही.’

सेजलची आई, रमिला वळवी, फिरत्या दवाखान्याची गाडी चालवायची आणि पाड्यापाड्यांवर जाऊन लहान मुलांचे कान तपासायची. २०४४ साल होतं. शहरांत बस चालकाशिवाय धावत होत्या. पण सातपुड्याच्या वळणांवर शेळ्या आणि दरडी न सांगता रस्त्यात येतात, तिथे अजून माणूसच लागायचा. त्या माणसाच्या प्रवासाचा आराखडा कार्यालयातला यंत्रमानव करायचा. तोच हा वाटाड्या : सेजलच्या कमरेएवढा, चाकांवर फिरणारा आणि बोलायला अगदी सावकाश.

“वाटाड्या, हा थांबा काढून टाक ना,” सेजल म्हणाली. “उद्या शाळेच्या संमेलनात पाच वाजता माझी बासरी आहे. सगळ्यांत पहिला कार्यक्रम. तुझ्या हिशेबाने आई पाच वीसला पोचते. थांबा काढलास तर पाचला पाच कमी असतानाच येईल.”

“हिशेब बरोबर आहे. पण थांबा हवाच.”

आई शेजारी गाडीत यंत्रं ठेवत होती. ती म्हणाली, “काढ रे. एवढी वर्षं गाडी चालवते, मला कधी झोप आली नाही.”

“आली असती तरी तुम्हाला कळलं नसतं, रमिलाताई.”

आईचे हात थांबले.

वाटाड्या सेजलकडे वळला. “माणसाच्या शरीरात एक जैविक घड्याळ असतं (केव्हा झोपायचं, केव्हा जागं राहायचं हे ठरवणारी आतली यंत्रणा). दुपारी दोन ते चारच्या सुमारास ते माणसाला थोडं सुस्तावतं. उद्या ताई साडेचारला उठणार, म्हणजे झोपही अपुरी. दोन्ही एकत्र आलं की क्षणनिद्रा लागू शकते (जागेपणीच काही सेकंदांपुरती लागणारी झोप). कधी कधी डोळे उघडे असतात आणि मेंदू तेवढा झोपलेला असतो.”

“पण तोवर घाट संपलेला असतो. पुढे सरळ रस्ता आहे.”

“म्हणूनच तिथे थांबायचं. घाटातलं प्रत्येक वळण माणसाला जागं ठेवतं. सरळ रस्त्यावर करायला काही उरत नाही.”

“चार सेकंद डोळा लागला, तर असं काय होतं?”

“तूच काढ. गाडी ताशी बहात्तर किलोमीटरने चालली आहे. म्हणजे बहात्तर हजार मीटर. तासाचे सेकंद तीन हजार सहाशे.”

सेजलने तळहातावर बोटाने भागाकार केला. “एका सेकंदाला वीस मीटर. चार सेकंदांत... ऐंशी.”

“चल, ऐंशी मीटर बघू.”

वाटाड्या आवारातून निघाला. चाकांचे फेरे मोजत तो शेड ओलांडून, पाण्याच्या टाकीपुढून थेट फाटकाबाहेर गेला आणि थांबला. सेजल त्याच्या मागून चालत गेली. वाटेत रखवालदारकाकांनी बांधलेली बकरी लागली. नळावरून हंडे घेऊन येणाऱ्या दोन बायका लागल्या. टाकीशी तीनचाकी सायकल फिरवणारा एक लहानगा होता. सेजलने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती पुढे गेली. वाटाड्याजवळ पोचून तिने मागे पाहिलं. गाडीशी उभी असलेली आई केवढीशी दिसत होती.

 ती परत आली आणि तिने आईचा हात धरला. “थांबा राहू दे.”

“आणि तुझी बासरी?” आईने विचारलं.

 वाटाड्या म्हणाला, “वेळ रस्त्यावर वाचवायचा नसतो. निघण्याआधी कुठे सापडतो का, ते बघायचं असतं.”

 सेजलने शाळेतल्या कुवरबाईंना फोन लावला आणि आपली बासरी सगळ्यांत शेवटी ठेवायला सांगितलं. शेवटच्या कार्यक्रमापर्यंत अर्धी माणसं उठून जातात, हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी पाच वाजले, साडेपाच वाजले. नाच झाले, नाटुकली झाली. आईचा पत्ता नव्हता. सेजलने दोनदा फोन हातात घेतला. पण आई गाडी चालवत असेल तर फोनही तिचं लक्ष रस्त्यावरून काढून घेईल. तिने तो बाईंच्या पिशवीत ठेवून दिला आणि मंडपाच्या दाराशी जाऊन बसली.

सहा वाजून पाच मिनिटांनी आई आली. चपलांवर लाल धूळ, केस विस्कटलेले.

“घाटात ट्रक अडकला होता. पाऊण तास तिथेच गेला,” ती सेजलला जवळ घेत म्हणाली. “वाटलं, आता थांबा चुकवावाच. मला झोप मुळीच आली नव्हती गं. पण काल फाटकाशी उभी राहिलेली तू आठवलीस. म्हटलं, नुसतं बसू. गजर लावला, मान मागे टेकली. आणि गजर वाजला तेव्हा कळलं, की मी गाढ झोपले होते.”

सेजलने तिच्या कुशीत तोंड खुपसलं.  मग माइकवरून तिचं नाव पुकारलं गेलं. मंडप खरंच अर्धा रिकामा होता. आई पहिल्या रांगेत जाऊन बसली.

महिन्याभराने शाळेची सहल सातपुड्याच्या घाटात निघाली. पहाटे मुलं बसमध्ये जागा पकडायला धावली. सेजल मात्र चालकाच्या दाराशी गेली. काच पुसत असलेल्या मामांना तिने विचारलं, “मामा, रात्री झोप झाली का तुमची?”

मामांचा हात थांबला. “वीस वर्षं गाडी चालवतोय, पोरी,” ते म्हणाले. “हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.” मग फडकं खाली ठेवून म्हणाले, “चारच तास झाली.”

सेजल कुवरबाईंकडे गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग सहलीचा कागद बसच्या बोनेटवर पसरला, आणि मामा, बाई आणि सेजल तिघं मिळून थांबे ठरवू लागले.