ज्वराची उत्तरपूजा

ज्याने एकाचा प्राण घेतला, त्यालाच ऊब देऊन, पोसून वाढवावे लागते. कारण त्याची ओळख पटल्यावाचून दुसऱ्याचा प्राण वाचवता येत नाही. डेंग्यूच्या विषाणूवर संशोधन करणाऱ्यांच्या वाट्याला हे धर्मसंकट रोज येते. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. मी केवळ पाहिले ते सांगतो.

आमचे घराणे म्हैसूरचे जुने. चामराजपुरमात राहून मी आयुष्यभर संस्कृत व्याकरण शिकवले. माझी नात यशस्विनी एका संशोधनशाळेत काम करते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, तिथली यंत्रे विश्रांती घेतात. सूक्ष्मदर्शकाला गंध लागते, तराजूला झेंडूची माळ चढते. यंदा पूजा सांगायला मी गेलो.

"अज्जा, कोट घाला, ग्लोव्ह्ज घाला. ही आमची मडी," यशस्विनी म्हणाली. "तुमच्या सोवळ्यापेक्षा स्वल्प कडकच."

"आणि मोडली तर प्रायश्चित्त?"

"हेडचं लेक्चर. पूर्ण."

सगळे हसले. अदिती हसली नाही. सांगलीहून इथे आलेली अदिती यशस्विनीची वरिष्ठ. हा रोग पहिल्याच दिवशी ओळखता येईल अशी चाचणी ती घडवीत होती. तिची एकुलती मुलगी स्पृहा श्रावणात डेंग्यूनेच गेली. रुग्णालयांतून रक्ताचे नमुने संशोधनशाळेत नावाविना येतात. स्पृहाचा नमुना घेण्यास अदितीने स्वतः संमती दिली होती. त्या थेंबातला विषाणू एका फ्लास्कमध्ये, जिवंत पेशींच्या थरावर, वाढत होता.

असे फ्लास्क देहाच्या उबेत ठेवणारी एक पेटी असते. तिच्यावर अक्षता वाहून मी आवाहन केले.

विजयादशमीला मी उत्तरपूजेसाठी गेलो. ज्याला बोलावले त्याला आदराने निरोप द्यायचा, एवढाच तो विधी. अदिती दारात उभी होती.

"काका, उत्तरपूजा राहू दे."

"आवाहन केलं की निरोप द्यावा लागतो, बाई."

"माहीत आहे. म्हणूनच म्हणते."

तिच्या मुद्रेकडे पाहून मी अक्षता वाटीत परत ठेवल्या.

पुढे एका सकाळी यशस्विनी माझ्या खोलीत आली. देवाला हात जोडतानाही घड्याळ पाहणारी ही मुलगी. पण त्या दिवशी ती खाली बसली.

"अज्जा, स्पृहाच्या फ्लास्कला ताप येतोय."

"म्हणजे काय?"

"पेटी सदतीस अंशांवर आहे. बाकीचे सगळे फ्लास्क सदतीस. तो एकच एकोणचाळीसच्या वर. थर्मामीटर बदललं, पेटी बदलली, दुसरे जंतू शिरलेत का तेही बघितलं. इल्ला, काही नाही. सकाळी उतरतो, दुपारी चढतो. आणि विषाणू आत गेला की या पेशी मरतात. त्याच्यातल्या मरत नाहीत."

"अदितीला ठाऊक आहे?"

"अक्का त्याच्यावर ओला रुमाल ठेवतात, अज्जा." तिचा स्वर उतरला. "हेडनी तो आज वाफेत नष्ट करायला सांगितलाय. अक्का देत नाहीत. तुम्ही या."

दुपारी आम्ही गेलो. खोलीत स्पिरिटचा वास होता. मेजावर तो पारदर्शक फ्लास्क आडवा ठेवला होता; आत गुलाबी द्रव, वर चौपदरी ओला रुमाल. रुमालाच्या कडा वाळल्या होत्या. मी हातमोजा घातलेला तळवा त्यावर ठेवला. तापलेले कपाळ तळव्याला कळते. ते शिकवावे लागत नाही.

"विषाणूला दार तोडावं लागत नाही, काका," अदिती खाली पाहत म्हणाली. "पेशीच त्याला कुशीत घेते, आत ओढते. तिला वाटतं, आपलंच काहीतरी आहे."

तिने रुमालाच्या वाळलेल्या कडा पुन्हा ओल्या केल्या.

"स्पृहाचा ताप उतरला तेव्हा आम्ही पेढे वाटले. डेंग्यूत खरा धोका ताप उतरल्यावर असतो, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. पण त्या दिवशी मला नुसता आनंद झाला होता. संध्याकाळी ती गेली." तिने रुमाल सारखा केला. "ताप आहे तोवर ती आहे, काका."

"आणि तिला किती दिवस तापात ठेवणार?"

मग अदितीने रुमाल उचलला, पिळला.

"करा," ती म्हणाली.

मी विसर्जनाचा मंत्र म्हटला. अक्षता फ्लास्कशेजारी ठेवल्या. यशस्विनीने तापमान पाहून मान हलवली. काहीच उतरले नव्हते.

तेव्हा अदिती फ्लास्कवर वाकली.

"स्पृहा, जा गं बाळा. आई इथेच आहे."

"अडतीस," यशस्विनी म्हणाली. थोड्या वेळाने, "सदतीस."

मग तिने आकडे सांगणे सोडले.

काच गार पडली. सूक्ष्मदर्शकाखाली यशस्विनीने पाहिले: इतके दिवस तळाला घट्ट धरून असलेल्या पेशी एकाच वेळी सुटल्या होत्या आणि तरंगत होत्या.

अदितीने फ्लास्क स्वतःच्या हातांनी वाफेच्या यंत्राकडे नेला.

मी निघालो. यशस्विनी उरलेल्या फ्लास्कांचा ट्रे पेटीत ठेवत होती. तिला जागा देताना माझा हात एका फ्लास्कला लागला.

तो बेट्टदपुर गावाकडे डेंग्यूने गेलेल्या एका लेकराच्या नमुन्याचा होता. त्यावर केवळ क्रमांक होता.

"यशस्विनी, हा बघ."

तिने तापमान पाहिले. आकडा एकोणचाळीसच्या वर होता. शेजारच्या फ्लास्कला हात लावला. मग त्याच्या पलीकडच्या.

अदिती परत आली. आम्हा दोघांचे चेहरे तिने पाहिले, ट्रेवरून एकदा तळवा फिरवला आणि खुर्ची जवळ ओढून बसली.

"यांची नावं कुठे मिळतील?" तिने विचारले.

नावे कुठेच नव्हती.

ज्यांना हाक मारून निरोप देता आला नाही, त्या सर्व लेकरांना शांती लाभो. आणि जे त्यांच्याजवळ बसून आहेत, त्यांच्या घरोघरी निजलेली कपाळे शीतल राहोत.