मालक आधी बोलतात

पहिलं खटकलं ते इतकंच, की रेकॉर्डिंगमध्ये गोलकीपर "मालक" म्हणायच्या अर्धा क्षण आधी दुसरं कुणीतरी "मालक" म्हणालं.

अगदी हलकेच. नाटकात नट अडकला की विंगेतून कुणी शब्द पुरवतं ना, तसं.

धाकटीनं हेडफोन काढला आणि मागे वळून पाहिलं. मागे कोण असणार? स्टँडखालच्या त्या खोलीत दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर आणि भिंतीला टेकवलेले कॉर्नरचे झेंडे. बाहेर गवत कापायचं यंत्र घरघरत होतं. भर दुपार होती. ही काही घाबरायची वेळ नव्हे, असं तिनं स्वतःला बजावलं, पण खुर्ची मात्र सरकवून पाठ भिंतीला लावली.

संघाचे मालक जाऊन तीन आठवडे झाले होते. संध्याकाळी सहाला मैदानावर शोकसभा होती, आणि तिथे दाखवायची आठवणींची फिल्म धाकटीच्या गळ्यात पडली होती. मालकांचं कुणाशी धड जमलं नाही. एका हंगामात त्यांनी तीन कोच काढले, त्यातला एक तर मॅच चालू असताना, लाउडस्पीकरवरून. पण कुणाच्या घरी दुखणं आलं की हाच माणूस सगळ्यांच्या आधी दारात उभा. सहा वर्षांपूर्वी फायनलमध्ये धाकटीच्या भावाचा गुडघा कायमचा गेला, तेव्हा ऑपरेशनचा खर्च मालकांनी केला. हिच्या कॉलेजची फी त्यांनीच भरली, क्लबातली ही नोकरीही त्यांनीच दिली. दादाची बहीण म्हणून तिला 'धाकटी' हे नाव पडलं तेही त्यांच्याच तोंडून. बाहेर कुणी मालकांना शिव्या घातल्या तर ही एरवीची भित्री मुलगी कंबर कसून भांडायची.

सगळ्यांच्या आठवणी तिनं गेल्याच आठवड्यात मालकांच्या खोलीत रेकॉर्ड केल्या होत्या. जाड गालिचा, बंद खिडक्या. बाहेरचा आवाज आत यायचा नाही.

मग हा आवाज कुणाचा?

तिनं फिजिओंचं रेकॉर्डिंग लावलं. "त्यांनी आमच्यासाठी..." पुटपुटलं कुणी, आणि मागोमाग फिजिओंचा घोगरा आवाज, "त्यांनी आमच्यासाठी खूप केलं." ट्रेनरचं लावलं. तेच. शब्दागणिक आधी तो, मग माणूस.

दार वाजलं आणि धाकटी जागच्या जागी उडाली. चहाचा कप कलंडला.

"अगं, मीच," कपड्यांच्या मावशी म्हणाल्या. तीस वर्षं संघाच्या जर्स्या धूत आलेल्या बाई, हातात घड्यांचा ढीग. "तुला टीममध्ये घ्यायला हवं होतं. इतकी उंच उडी आपल्या स्ट्रायकरलाही जमत नाही."

"मावशी, जरा ऐकता? मला काहीतरी भास होतोय."

मावशींनी ढीग खाली ठेवला, हेडफोन कानाला लावला. धाकटीनं त्यांचंच रेकॉर्डिंग सुरू केलं. मावशींचा चेहरा आधी कौतुकाचा होता. हळूहळू ते कौतुक ओसरलं.

"कळलं का कोण ते?" धाकटीनं विचारलं.

"त्यांना घाईच असायची," मावशी सावकाश म्हणाल्या. "समोरच्याचं बोलणं कधी पुरं होऊ दिलं नाही."

"मावशी, ते जाऊन तीन आठवडे झालेत..."

"ते मला नको सांगूस." त्यांनी हेडफोन काढून दूर सरकवला. "तुला एक सांगू? त्या दिवशी मी वेगळंच बोलायला आले होते. माझ्या बहिणीला त्यांनी जर्सीवरच्या एका डागावरून हाकललं, दहा वर्षं राबलेल्या बाईला. ते सांगायचंच असं ठरवून आले होते. आणि तोंड उघडलं तर... हे. मला वाटलं, वय झालं, विसरले असेन."

त्यांनी ढीग उचलला. दारात घुटमळल्या.

"दादाचं ऐकलंस?"

"नाही अजून."

"मग नको ऐकूस," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

असं सांगितल्यावर कोण थांबतं? धाकटीनं दादाची फाइल उघडली.

ते रेकॉर्डिंग तिला चांगलं आठवत होतं. दादा मध्येच अडकला होता. त्याला रडू येतंय असं समजून ती पाणी आणायला उठली होती. रेकॉर्डर तसाच चालू राहिला होता.

"फायनलच्या दिवशी फिजिओ खेळू नको म्हणाले होते," हेडफोनमध्ये दादा म्हणाला. त्याच्या आधी कुणीच काही पुटपुटलं नाही. "मीसुद्धा..."

मग तिचाच आवाज, "थांब, पाणी आणते." दाराचा आवाज. पावलं लांब गेली.

आणि मग तो आवाज आला. आता पुटपुटणं नव्हतं. मालक बोलायचे तसा, स्पष्ट.

"काय ठरलं होतं आपलं?"

दादा दचकला नाही. समोर बसलेल्या माणसाला उत्तर द्यावं तसं म्हणाला, "धाकटीचं शिक्षण झालं, मालक. आता तरी सांगू द्या."

"नाही."

"मी नको म्हणत होतो. तुम्ही इंजेक्शन देऊन मैदानात उतरवलंत मला. घरी सगळे मलाच बोलतात, मालक. ती पण बोलते."

"बोलू दे."

दार उघडलं. "घे दादा," हेडफोनमधली धाकटी म्हणाली. पाण्याचे दोन घोट. मग त्या पुटपुटण्यामागून दादाचा आवाज फरफटत आला, "मीच हट्ट केला... मालक मला अडवत होते..."

सहा वर्षं. तुझ्या हट्टापायी घर बसलं, असं ती दादाला तोंडावर म्हणाली होती, एकदा नव्हे. तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा. आणि ज्याच्यासाठी ती जगाशी भांडली, त्यानं तिच्याच कॉलेजचा दोर करून दादाचं तोंड बांधलं होतं. दादानं बांधू दिलं होतं. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

सहाला दादा स्टेजवरून हेच पुन्हा बोलणार होता, सगळ्या गावासमोर. त्याआधी त्याला गाठायला हवं होतं. मला कळलंय, खोटं बोलू नकोस, एवढंच सांगायचं होतं.

तिनं फोन लावला. रिंग वाजून बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा बंद. बाहेरचं यंत्र थांबलं होतं, हे तिला तेव्हा जाणवलं. तिसऱ्यांदा लावला, आणि वाक्य मनात घट्ट धरून ठेवलं. दादा, मला सगळं कळलंय. दादा, मला सगळं कळलंय...

"हं, बोल गं," दादा म्हणाला.

तिनं तोंड उघडलं. हेडफोन टेबलावर पडलेला होता. तिच्या डाव्या कानाशी, अगदी जवळून, कुणीतरी श्वास घेतला आणि हलकेच म्हणालं, "काही नाही दादा, सहजच केला..."

आणि तिचे ओठ हलू लागले.