झडपेचं हँडल

"राखणदाराला पाण्याने मारलं म्हणणारे सगळे खोटारडे आहेत!" पंपघरातले म्हातारे ऑपरेटर कडाडले. वीज गेली होती. नवीन लागलेली पोरं मेणबत्तीभोवती सरकली. "माझ्याच साहेबाची गोष्ट. खरी आहे."

पावसाचं पाणी साठवायला गावाबाहेर पाणथळ बांधली होती. लव्हाळी लावली, बदकं आली. काम एकच, मोठ्या पावसाआधी झडप उघडून पाणथळ अर्धी रिकामी करायची, म्हणजे पुराचं पाणी तिच्यात मावेल, शेजारच्या वस्तीत शिरणार नाही. पण अर्ध्या पाण्यात चिखल दिसतो, आणि चिखलाचा फोटो पाहुण्यांना कसा दाखवायचा? साहेबांनी झडपेचं हँडलच काढलं. ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद. किल्ली खिशात. अक्कल कुठे ठेवली होती, देव जाणे.

राखणदाराने हात जोडले. "साहेब, हँडल द्या. वस्ती बुडेल."

"तू बदकं राख," साहेब म्हणाले.

पहिल्याच मुसळधार पावसात तो नुसता पाना घेऊन झडपेशी झटला आणि घसरून बुडाला. अहवालात लिहिलं, निष्काळजीपणा. सही साहेबांची, कोरड्या हाताने केलेली.

पुढचं वर्ष. बारा जुलै, मंगळवार, रात्रीचे पावणेदोन. त्याच वस्तीतून साहेबांच्या बहिणीचा फोन आला.

"दादा, पाणी घरात शिरलंय. आईला एकटी कशी उचलू मी?"

आता मात्र साहेबांना हँडल आठवलं. गाडी ऑफिसकडे दामटली, तर मधला पूल पाण्याखाली. शेवटी तसेच, हात हलवत पाणथळीवर पोचले.

लव्हाळ्यात आवाज.

कर्र... कर्र...

"कोण आहे रे?"

...

बेडूक गप्प. बदकं गप्प.

कर्र...

साहेबांनी टॉर्च मारली. झडपेचा दांडा उघडाबोडका. हँडल नाही. माणूस नाही.

दांडा फिरत होता.

झडप वर चढत होती...

आणि कानाशी, गारठलेल्या आवाजात...

"बदकं राखली, साहेब."

पहाटेपर्यंत वस्तीतलं पाणी उतरलं. आई वाचली. पूल मोकळा होताच साहेब ऑफिसात धावले. कपाटाचं कुलूप जसंच्या तसं. किल्ली खिशातच.

झाडणारी बाई फडकं पिळत वैतागून म्हणाली, "ते कपाट उघडा बघू एकदा. तीनदा पुसलं, तरी आतून शेवाळाचं पाणी गळतंच आहे."