लिंब खिंडीत टिकटिक थांबली

ही माझ्या घरातली गोष्ट आहे. ज्याला खोटी वाटेल त्यानं खुशाल खोटी म्हणावी. मला कुणाची शाबासकी नको.

साल १९७५. माघ महिना. साताऱ्याच्या पुढची लिंब खिंड, दिवस मावळायची वेळ.

पण आधी सायकलचं सांगते.

माझे वडील पलटणीत होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. पुण्याच्या छावणीत त्यांनी एका साहेबाची जुनी विलायती रेसर सायकल घेतली होती. पोलादी सांगाडा, वाकडं हँडल. तिला फ्रीव्हील नव्हतं. चाक फिरलं की पायडल फिरणारच. उतारालासुद्धा पाय थांबवता यायचे नाहीत. ब्रेक नावाला एक. आबा पायडल उलटं रेटूनच ती थोपवायचे.

आदल्या माघात ते सुट्टीवर वाईला घरी आले आणि काविळीनं गेले.

दहाव्याला वाईच्या घाटावर पिंड ठेवला. समोरच्या झाडावर कावळेच कावळे. एक शिवेना.

लोकांनी शब्द दिले. पोरीला शिकवू. बायकोला अंतर देणार नाही.

काही नाही...

शेवटी माझा चुलता पुढं झाला. सयाजीतात्या. सांगलीत त्याचं सायकलचं दुकान होतं. डोळे पुसत म्हणाला,

"दादा, तुझी सायकल हाय तशी ठेवतो. मनू मोठी झाली की तिला देतो. शिव आता."

बोलणं संपायच्या आत कावळा खाली आला.

मनू म्हणजे मी.

तात्यानं आम्हा मायलेकींना सांगलीला नेलं. सायकलही नेली. माणूस वाईट नव्हता तो. आम्हाला कधी शिळं वाढलं नाही. पण शर्यतीचं त्याला भारी वेड, आणि त्या सांगाड्यावर त्याचा जीव जडला.

एक दिवस शाळेतून आले तर सायकल ओळखू येईना. लाल रंग. हलक्या रिमा. मुंबईहून आणवलेले गिअर, फ्रीव्हील, पुढं-मागं नवे ब्रेक. मागचं जुनं चाक भंगारवाल्याच्या गाड्यावर गेलेलं.

"तात्या, ही माझी होती."

"तुझीच हाय की गं. एवढी शर्यत हू दे."

"हाय तशी ठेवणार होता तुमी."

तो पाना हातात घेऊन नुसता चाळा करत राहिला. आई मला म्हणाली, "त्याच्या घरात राहतोय आपण, तोंड आवर." मी राग कसला आवरते. पुढं कित्येक दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

मग सुरू झालं.

तात्या रोज विश्रामबागेकडं चक्कर मारायचा. तो परत आला की, पाय थांबवून चाक नुसतं पळू दिल्यावर होते ती फ्रीव्हीलची टिकटिक गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायची. एके संध्याकाळी तो दारात येऊन उभा राहिला तरी...

टिकटिक नाही.

"मने, आवाज आला का गं?"

"न्हाई."

त्यानं फ्रीव्हील खोललं, तेल दिलं. हातानं फिरवलं तर चांगली टिकटिक. रस्त्याला लागला की बंद.

एकदा मी दुकानात त्याचा डबा घेऊन गेले. सायकल आकड्याला टांगलेली. चाक जागच्या जागी उभं. आणि पायडल...

हळूहळू फिरत होतं. उलटं.

तात्या समोर बसून बघत होता. "वाऱ्यानं," म्हणाला. कसला वारा? दुकानात कागद हलत नव्हता.

आबांचं वर्षश्राद्ध आलं, आम्ही वाईला निघालो. साताऱ्यापर्यंत सायकल यष्टीच्या टपावर टाकून आणली. तिथं तात्या म्हणाला, "तुमी गाडीनं व्हा पुढं. मी सायकल मारत येतो, तेवढीच तयारी हुतीया."

आईनं नको म्हटलं. ऐकेल तर शपथ.

आमची गाडी उशिरा सुटली. लिंब खिंड ओलांडली तेव्हा उतारावर तो आमच्या यष्टीच्या पुढंच होता. मी खिडकीत. खाली वळणावर उसाची बैलगाडी आडवी झालेली दिसली.

तात्यानं ब्रेक दाबला. पुढची तार तुटली. मागचा नुसताच घासत होता, सायकल काही आवरेना. त्याचे पाय पायडलवर पट्ट्यांनी बांधलेले. आई किंचाळली. ड्रायव्हरनं यष्टी हळू केली, आणि मला तात्याचे पाय नीट दिसले.

ते फिरायला लागले होते...

भराभर, मग हळू, मग आणखी हळू. कुणी जोर लावून मागं रेटावं तसे. अगदी आबा थोपवायचे तसे.

उसाच्या मोळीला हात लागेल एवढ्या अंतरावर सायकल उभी राहिली.

आम्ही धावत गेलो. तात्या रस्त्यावर बसून लहान पोरासारखा रडत होता. मी पायडल उलटं फिरवून बघितलं.

टिकटिक. टिकटिक. फ्रीव्हील ठणठणीत.

"माझे पाय न्हवते ते, वहिनी," तो आईला म्हणाला. "दादानं माझ्या पायात पाय घातलं. आवं, त्यानं मला पाडलं असतं तर बरं झालं असतं. शब्द मोडला मी त्याचा, आन् त्यानं वाचीवलं मला."

दुसऱ्या दिवशी वाईच्या घाटावर पुन्हा पिंड ठेवला. तात्या हात जोडून उभा.

"दादा, सायकल आजपासनं मनूची."

कावळे नुसते बघत बसले.

"जुनं चाक हुडकून आणतो."

ते चाक वितळून कुठं गेलं असेल कोण जाणे. त्यालाही ते ठाऊक होतं. ऊन डोक्यावर आलं. गुरुजी म्हणाले, "अजून काही सांगायचं राहिलंय का?"

"सांगू काय?" तात्या म्हणाला. "माझा शब्द आता त्यो कसा धरंल?"

त्या वेळी मला बोलता आलं असतं. 'आबा, मिळाली मला सायकल.' एवढंच. पण माझा राग गेला नव्हता. मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले.

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

तात्या पुन्हा त्या सायकलवर बसला नाही. शर्यतीतही उतरला नाही. तोही गेला आता. जाईपर्यंत दर वर्षी घाटावर उभा राहायचा, मान खाली घालून.

सायकल माझ्याकडं आहे. कॉलेजला मी तिच्यावरूनच गेले. सपाट रस्त्याला ती छान टिकटिक करते. उतार लागला की...

बंद. आणि पायाखाली जोर जाणवतो.

तेव्हा मी म्हणते, आबा, मिळाली मला सायकल. तात्याला सोडा आता.

पितृपक्षात छपरावर पान ठेवूनही तेच म्हणते. शेजारच्या छपरावर कावळे भांडत असतात. आमचं पान संध्याकाळपर्यंत तसंच असतं.