चोरखिसा कुठल्या बाजूला

कोल्हारचे रज्जाकचाचा शिंपी भर दुपारी एकच ब्लाउज पिशवीत घालून प्रवरेकाठच्या बंद पडलेल्या विश्रामगृहात गेले. तिथे शूटिंग चाललं होतं. बिभीषण सरांच्या गाजलेल्या कादंबरीवरचा सिनेमा : गावातून नाहीशी झालेली बाई, आणि तिला शोधता शोधता भ्रमिष्ट होत गेलेला नवरा.

ती बाई कोण, हे गावाला सांगायला नको होतं. नऊ वर्षांपूर्वी सरांची बायको अश्विनी नाहीशी झाली. तपास धड कोणी केला नाही. चाचांच्या मुलाने, रमीजने तिला पळवली, एवढं मात्र सगळ्यांना त्याच संध्याकाळी कळलं. मार खाऊन रमीजने गाव सोडलं ते कायमचं.

ब्लाउजचं काम आलं म्हणून चाचांनी कादंबरी वाचली, आणि एका पानावर ते थबकले. शेवटी मेलेली सापडणाऱ्या त्या बाईच्या ब्लाउजला आतून चोरखिसा होता. तसा खिसा अश्विनीने त्यांच्याकडून गुपचूप शिवून घेतला होता, नवऱ्यापासून नोकरीचं पत्र लपवायला. ब्लाउज नेला त्याच दुपारी ती गेली. मग खिसा पाहिला कोणी? आणि कधी?

खिसा कुठल्या बाजूला, हे पुस्तकात नव्हतं. चाचांनी तो या वेळी मुद्दाम उलट्या बाजूला, उजवीकडे शिवला.

विश्रामगृहात बुरशीचा वास दाटला होता. सर व्हरांड्यातच भेटले.

"काय चाचा, आमची हिरॉइन म्हातारी व्हायची वाट बघत होता काय?"

"बघा की सर. पुस्तकाबरहुकूम हाय."

सरांनी ब्लाउज उलटा केला. कपाळाला आठी पडली. "हे काय? खिसा डावीकडे होता."

"होता?" चाचा हळूच म्हणाले. "पुस्तकात तर बाजूच न्हाई."

सर ओढूनताणून हसले. "लेखकाला दिसतं हो सगळं..."

"व्हय. दिसलंच असनार."

चाचा कपडेपट सांभाळणाऱ्या धनश्रीकडे वळले. "पोरी, ऐकलंस ना सर काय बोलले?"

"ऐकलं." तिने गोंधळून ब्लाउज घेतला, आतल्या खोलीत हुक न लावता खुंटीला टांगला आणि पडदा ओढून बाहेर आली. "मॅडम अजून राहुरीलाच आहेत. आल्या की घालून बघतील."

नदीवरचा वारा पडला होता.

पडद्याआड बांगड्या किणकिणल्या.

"चाचा... बगलंत लई घट्ट झालाय..."

"आत... आत कोण गेलं?" धनश्री पुटपुटली. सर भिंतीला टेकत खाली बसले. "ती नाही... ती असूच शकत नाही..."

चाचांनी पडदा सारला. खोलीला दुसरं दार नव्हतं. ब्लाउज खुंटीलाच होता. पण आता त्याचे सगळे हुक लावलेले होते, आणि बगला ताज्या घामाने भिजल्या होत्या.