झाडून टाकलेली वाट

ही घडलेली गोष्ट आहे. ज्या दारापाशी घडली, त्या दाराच्या आतल्या बाजूचे नखांचे ओरखडे मी स्वतः बोटांनी चाचपून पाहिलेत.

आणि ती रात्र नव्हती. लख्ख दुपार होती.

पुएब्ला प्रांताच्या डोंगरातलं आमचं तेकाल्को गाव. नोव्हेंबरची पहिली तारीख. घर माझ्या धाकट्या बहिणीचं, एलोदियाचं.

आमच्याकडे मेलेली माणसं वर्षातून एकदा घरी येतात. आधी लहान मुलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी दुपारी चर्चची बाराची घंटा झाली की ती येतात आणि दुसऱ्या दिवशी बाराच्या घंटेला परत जातात. मोठी माणसं त्यांच्यामागून.

एलोदियाचा मुलगा चेमो त्याच वर्षी तापाने गेला होता. तीन वर्षांचा होता. नवरा उत्तरेला मजुरीला गेलेला. घरात ती आणि सहा वर्षांची रेमे, दोघीच.

चेमोचं ते पहिलंच येणं होतं.

आदल्या दिवशी सकाळी रेमेने गल्लीतली सगळी पोरं गोळा केली. गल्लीपासून उंबऱ्यापर्यंत आणि उंबऱ्यापासून आतल्या ठेंगण्या टेबलापर्यंत पोरांनी झेंडूच्या पाकळ्यांची वाट घातली. टेबलावर पांढऱ्या फुलांची कमान. खाली दूध, छोटे छोटे पाव, साखरेचं कोकरू, चेमोची मातीची शिट्टी आणि नव्या चपला.

"कोकराला हात लावलास ना, तर चेमो रात्री तुझे पाय ओढेल," रेमेने एका पोराला दम दिला.

"तो माझ्या गुडघ्याएवढा होता. तो काय ओढणार?"

सगळी हसली. एलोदियाही हसली. पोर गेल्यापासून पहिल्यांदाच.

तेवढ्यात शेजारची कुका आजी पाव घेऊन आली. बाहेरच्या भिंतीवर काहीच ठेवलेलं नाही, हे तिने आल्या आल्या पाहिलं.

"एक पाव आणि एक मेणबत्ती बाहेर ठेव गं. ज्यांचं कोणी नाही त्या मेलेल्या लेकरांसाठी."

"यंदा नाही, आजी. यंदा सगळं माझ्या लेकराचं."

"हट्टी आहेस. बाहेर काही मिळालं नाही, तर ती पोरं दुसऱ्याच्या वाटेवरून आत शिरतात. आणि ऐक, पहिल्या वर्षीची बाळं रस्ता चुकतात, उशिरा पोचतात. उद्या घंटा होईपर्यंत फुलांना हात लावू नकोस."

एलोदियाने मान हलवली. तिचं लक्ष नव्हतं.

बाराची घंटा झाली. ती टेबलासमोर बसून राहिली.

उन्हं कलली तेव्हा तिने पेल्यात पाहिलं...

दूध निम्मं झालं होतं.

मग मातीची शिट्टी वाजली. एकदाच. अगदी हळू.

"आला गं माझा राजा," ती म्हणाली आणि पोटभर रडली.

रात्रभर तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. उद्या दुपारी तो जाणार. वाट असेल तर जाणार. वाटच नसेल तर?

सकाळी तिने झाडू घेतला. गल्लीपासून टेबलापर्यंतची एकेक पाकळी झाडून गोळा केली, पोत्यात भरली आणि पोतं कुंपणाबाहेर टाकलं. मग आत येऊन दार ओढून घेतलं.

बाराची घंटा सुरू झाली.

...आणि मध्येच थांबली. कोणी कापून टाकावी तशी.

कोंबड्यांचा आवाज नाही. कुत्र्यांचा नाही. मेणबत्त्यांच्या ज्योती सरळ उभ्या, जरासुद्धा हलत नव्हत्या.

एलोदिया दाराकडे गेली. कडी लावलेली नव्हती. तरी दार हललं नाही. तिने खांदा लावला. खिडकीची फळी ओढली. ती जणू भिंतीचाच भाग झाली होती.

मागे रेमे कोणाशी तरी कुजबुजत होती.

ती टेबलापुढे उकिडवी बसली होती. टेबलावरून खाली सोडलेलं कापड... आतून हलत होतं.

"रेमे, चेमोशी बोलतेस का गं?"

रेमेने मागे पाहिलं नाही.

"नाही आई. हा चेमो नाही."

एलोदिया मागे सरत दाराशी गेली.

"याला स्वतःचं नाव आठवत नाही," रेमे म्हणाली. "त्याला कोणी हाक मारत नाही ना, म्हणून."

मग मात्र एलोदियाने दार बडवलं. नखांनी ओरबाडलं. कुका आजीला हाका मारल्या. आजीचा आवाज बाहेरून येत होता, पण विहिरीच्या तळातून यावा तसा. ती कोणाशी तरी हसत बोलत होती.

"आई, तो म्हणतो, जायला वाटच नाही. मग तो इथेच राहणार. आणि त्याला खेळायला मी पाहिजे."

तेव्हा एलोदियाने नीट पाहिलं.

रेमेचा उजवा हात मनगटापर्यंत कापडाच्या आत होता.

तिने पोरीला कमरेला धरून मागे ओढलं. हात सुटेना. पलीकडून कोणीतरी धरून ठेवलं होतं. पोरीचा दंड थंडगार पडत चालला होता. आणि हात... आता कोपरापर्यंत आत गेला होता.

पाकळ्या हव्या होत्या. पाकळ्या पोत्यात, पोतं बाहेर. घरात फुलं होती ती फक्त कमानीची. चेमोची.

एक क्षण ती थांबली. त्या एका क्षणाबद्दल तिने स्वतःला कधीच माफ केलं नाही.

मग तिने कमान उपटली. मुठी भरभरून पांढऱ्या पाकळ्या ती टेबलापासून दाराकडे पसरत गेली. उंबरा वीतभर राहिला आणि फुलं संपली. तिने चेमोच्या नव्या चपला उचलल्या आणि त्या रिकाम्या जागेत ठेवल्या.

"बाळा, ज्याचा कोणाचा असशील तो... या घाल आणि जा. दरवर्षी तुझ्यासाठी बाहेर पाव ठेवीन. पण माझ्या लेकीला सोड."

कापड हललं.

जमिनीवरच्या पाकळ्या दबत गेल्या. आधी टेबलाजवळच्या. मग मधल्या. मग दाराजवळच्या. लहान पावलं पडावीत तशा.

दार उघडलं. घंटेचे उरलेले ठोके वाजले.

रेमे आईच्या मांडीवर कोसळली. उंबऱ्याजवळच्या चपला नव्हत्या.

कुका आजी धावत आली ती रागावूनच. तिचं म्हणणं, दार सकाळपासून सताड उघडं होतं. तिने गल्लीतून दोनदा हाक मारली आणि दोन्ही वेळा एलोदिया दारात बसून तिच्याकडे नुसती बघत राहिली.

संध्याकाळी मी कॉफीच्या मळ्यातून आलो, तेव्हा ओरखडे पाहिले. एलोदियाची दोन नखं निघाली होती.

पुढे दरवर्षी तिने बाहेर पाव ठेवला, दूध ठेवलं, मेणबत्ती लावली. चेमो पहिल्याच दिवशी येऊन गेला, दूध त्यानेच प्यायलं, शिट्टीही त्यानेच वाजवली, असं ती शेवटपर्यंत मानत होती. त्या एका समजुतीवर तिने बाकीचे दिवस काढले.

ती गेल्यावर मी रेमेला विचारलं. रेमेला आता स्वतःची पोरं आहेत.

"त्या दिवशी चेमो आलाच नव्हता का गं?"

तिने पावाचं पीठ मळता मळता सांगितलं.

"आला होता, मामा. दार उघडलं तेव्हा मला दिसला. गल्लीत उभा होता, अनवाणी. उशिरा पोचला होता बिचारा. वाट झाडून टाकलेली, मग आत कसा येणार?"

"आणि मग?"

"मग घंटा संपली."

"आईला सांगितलं नाहीस?"

"कसं सांगू, मामा?"

आता माझ्या घरच्या पाकळ्यांना मी कोणाला हात लावू देत नाही. वाऱ्याने नेल्या तर नेल्या. पहिल्या तारखेला बाराची घंटा थांबली की मी गल्लीत बघत उभा राहतो. गल्लीत काही नसतं.

त्यानंतर चेमो पुन्हा कधी आला का, हे रेमे आपणहून सांगत नाही...

आणि मी विचारत नाही.