काकड्याचा वाटा

ए तुक्या, तो मोबाईलचा उजेड बंद कर आधी. उजेडात ही गोष्ट सांगवत नाही मला. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधेच दात काढलेले चालणार नाहीत. माझ्या साडूचा मनिष तुम्हाला माहीत आहे. डहाणू रोडला लॅबमध्ये आहे, गावोगाव फिरून लोकांचं रक्त गोळा करतो. त्याच्यासोबत घडलेली ही गोष्ट. मनिष म्हणजे सोडा पितानाही तोंड वाकडं करणारा माणूस. तेव्हा नशेत काहीतरी दिसलं असेल, असं म्हणायची सोय नाही.

गेल्या डिसेंबरातली एकोणीस तारीख. शुक्रवार, अमावास्या. सायवनचं काम आटोपून मनिष मोटरसायकलवर गंजाडला निघाला होता. सीटमागे बर्फाचा डबा बांधलेला. गंजाडच्या लाहूचं रक्त घ्यायचं आणि घरी जाऊन जेवायचं, एवढंच काम राहिलं होतं.

हा लाहू चिकूच्या वाडीत मजुरी करणारा. दारूपायी त्याची बायको जिवली पोरीला, प्रगतीला, घेऊन सायवनला माहेरी जाऊन बसली. मग याचे डोळे उघडले. डहाणूतल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात त्यानं नाव घातलं. जिवली म्हणाली, "तुझ्या तोंडाचं ऐकून कान किटले माझे. आता तुझ्या रक्ताचं ऐकेन. ते साफ आलं की मी आले."

आता रक्ताची एक तपासणी निघाली आहे. पोलिसांच्या नळीत फुंकलं तर आजची दारू कळते. ही तपासणी तीन-चार आठवड्यांपूर्वीचीसुद्धा उकरून काढते. त्यासाठी रक्त मुंबईला पाठवतात. लाहूचं दोनदा गेलं, आणि दोन्ही वेळा दारू निघाली. लाहूनं पोरीची शपथ घेतली. शेजारीही म्हणाले, आम्ही याला पिताना पाहिलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, शपथ खोटी असू शकते, रक्त खोटं बोलत नाही. जिवलीनं निरोप धाडला, आणखी एकदा बघते. याही वेळी दारू निघाली तर पंच बसवून मोकळी होते.

तेच शेवटचं रक्त घ्यायला मनिष निघाला होता. मनातून त्यालाही वाटत होतं, हा बाबा साफ यावा एकदाचा.

लाहूचं घर पाड्याच्या टोकाला. पुढं कापणी झालेली शेतं, बाकी काळोख. ओट्यावर एक पिवळा बल्ब. खाली अंगणात लाहू उकिडवा बसला होता. त्याच्यासमोर एक गोणपाट अंथरलेलं, कुणी पाहुणा यायचा असावा तसं. गोणपाटावर कुणी नव्हतं. पुढ्यात मात्र काचेचा ग्लास होता. ताडीनं काठोकाठ भरलेला.

मनिषचं डोकंच फिरलं. "लाहूदादा, हे काय?"

"माझा नाय भाऊ. काकड्याचा हाय."

काकड्या म्हणजे लाहूचा धाकटा भाऊ. रोज सांजेला दोघं याच अंगणात प्यायला बसायचे. दोन वर्षांमागं प्यायलेला असतानाच तो ताडावर चढला, आणि खाली आला तो गेलाच. पिण्याआधी गेलेल्यांच्या नावानं चार थेंब जमिनीवर सांडतात, ते तुम्ही पाहिलंय. लाहू काकड्यासाठी सांडायचा. मग याचं पिणं सुटलं, तर ते थेंबही बंद होणार! ते लाहूच्या जिवाला लागलं. म्हणून गडी रोज त्याच्या नावानं अख्खा ग्लास भरून ठेवायला लागला.

"मी सोडली," लाहू म्हणाला. "त्यानं थोडीच सोडलीय?"

"आणि सकाळी ग्लास?"

"रिकामा. कुत्रा येत असेल. मी ओठाला पन लावत नाय." मग म्हणाला, "घरात कोन हाय बोलायला, भाऊ? दिवस वाडीत जातो. सांज खायला उठते. हा एक समोर हाय म्हनून मी बसतो तरी."

माणूस एकटा पडला की कुणाकुणाला सोबत मानतो.

मनिषनं लाहूच्या दंडाला पट्टा बांधला. एक हात मनिषच्या हातात. दुसरा लाहूच्या गुडघ्यावर. लाहू प्रगतीच्या शाळेचं सांगत होता. पोरगी पहिलीत गेली, वाचायला शिकली...

बोलता बोलता थांबला.

त्याचा कंठ हलला. खाली-वर.

मनिषला वाटलं, आवंढा गिळला असेल.

मग त्याची नजर ग्लासाकडे गेली. ताडी बोटभर उतरली होती.

कुणी हात लावला नव्हता.

पुन्हा कंठ हलला. पुन्हा ताडी उतरली.

"लाहूदादा... आत्ता काय गिळलंस?"

"मी? काय नाय."

आणि त्याच्या तोंडाला ताडीचा वास आला. ताजा.

मनिषनं नुसतं बोट दाखवलं. आधी ग्लासाकडे... मग लाहूच्या गळ्याकडे.

लाहूनं पाहिलं. ग्लास अर्धा झाला होता. त्यानं स्वतःचा गळा धरला. घट्ट. मुठीतही कंठ हलला.

...

कुठं कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

"काकड्या..." लाहू गोणपाटाकडे बघत म्हणाला. "माझ्या तोंडानं पितोस काय रे?"

गोणपाटाची कड हलली. वारा नव्हता.

"मी तुला जा नाय म्हनत. कुठं जाशील तू तरी... पन पोर यायची हाय माझी. नुसता बस. पिऊ नको. एवढं कर माझ्यासाठी."

त्यानं ग्लास उपडा केला. ताडीचं मडकं लाथाडलं.

मग एक हुंदका आला. एकच. मनिष लाहूच्या तोंडाकडेच बघत होता. लाहूचे ओठ मिटलेले होते.

त्या रात्री मनिषनं रक्त घेतलं नाही. घेतलं असतं तर दारूच निघाली असती, आणि लाहूचा संसार तिथंच संपला असता. केंद्रात हातापाया पडून त्यानं एक महिना मागून घेतला.

जानेवारी सरताना तो पुन्हा गेला, आणि या खेपेला शहाणा भरदुपारी गेला! अंगणात गोणपाट तसंच होतं. ग्लास नव्हता. लाहू वाळला होता, पण डोळे स्वच्छ दिसत होते. मनिषनं एक नळी रक्त घेतलं, डब्यात ठेवलं, आणि कुठंही न थांबता डहाणू रोड गाठलं.

लॅबमध्ये डबा उघडला. भरलेल्या नळ्या दोन.

त्यानं एकच भरली होती. दुसरी जादा म्हणून ठेवलेली, ती कोरी हवी होती. ती फेकून द्यायचं धाडस मनिषला होईना. शेवटी त्यानं दोन्ही मुंबईला पाठवल्या.

आठवड्यानं फोन आला. लाहूच्या नळीत दारू नाही. दुसरीतही नाही, थेंबभरसुद्धा नाही.

मनिष ते सांगायला स्वतः गंजाडला गेला. लाहूनं गोणपाटाकडे पाहिलं. मग डोळे पुसले, म्हणाला, "जिवलीला सांग भाऊ... दोघांनी सोडली."

जिवली आली. रविवारी, पोरीचा हात धरून. अजून आहे, नांदतेय.

ती दुसरी नळी मुंबईवाल्यांनी टोपी काढून तपासली आणि परत पाठवली, सोबत विचारणा केली, की हे रक्त भरलं कसं? कारण रक्त नळीत जातं ते टोपीच्या रबरातून, सुईनं. नळी मनिषकडे आहे. मी स्वतः हातात घेतली, उन्हात धरून टोपी फिरवून फिरवून पाहिली.

रबराला सुईचं भोक नाही.